मधमाश्यांची वाट

लोणच्याच्या कारखान्याच्या माणसाकडे एक लाकडी पन्हळ होती. वीतभर लांब, सरळ, आतून घासून गुळगुळीत केलेली. टोपलीतली काकडी उचलायची, पन्हळीत आडवी ठेवायची. नीट बसली तर क्रेटमध्ये, नाही बसली तर खाली जमिनीवर. ड्रायव्हरची पहिली टोपली संपली तेव्हा क्रेटचा तळही झाकला नव्हता आणि जमिनीवर ढीग झाला होता. एकीचं टोक बारीक आणि पोट सुटलेलं, दुसरी विळ्यासारखी वाकलेली. एक तर अशी वळली होती की तिची दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला निघाली होती. त्या माणसाने ती बोटात अडकवून वर धरली.

"या काय काकड्या आहेत की दाराच्या कड्या?"

मागे रांगेत उभे असलेले सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, कारण न हसता उभं राहणं त्याहून अवघड होतं. मग तो खाली बसला, कमरेला एक हात लावून, आणि जमिनीवरच्या काकड्या एकेक करून टोपलीत भरू लागला. त्या माणसाने उरलेल्या दोन टोपल्या पाहिल्यासुद्धा नाहीत. "पुढच्या वेळी सरळ आणा," एवढंच म्हणाला.

अठरा वर्षं ट्रक चालवला म्हणून त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे, ट्रक सोडून दीड वर्ष झालं तरी. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली होती. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा सीटवर दिवस दिवस बसलात तर उठताना दुसऱ्याचा हात लागेल, कायमचा. मग त्याने घरामागची वडिलांची जमीन कसायला घेतली. काकडी लावली. अर्ध्या जमिनीत पहिली पेरणी, ती आता फुलावर होती; उरलेल्या अर्ध्यात दुसरी, तिला नुकती दोन-दोन पानं फुटली होती. बांबू रोवले, सुतळ्या ताणल्या, वेल चढवले. वेल असे चढले की बघणारा थांबून बघायचा. फुलंही भरपूर. पण फुलामागची काकडी बोटाएवढी झाली की पिवळी पडून गळायची, नाहीतर वाढायची ती अशी.

घरी येऊन त्याने टोपल्या ओट्यावर ठेवल्या. बायको खिडकीपाशी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. तिने टोपल्यांकडे पाहिलं आणि पुढचा गणवेश मशीनवर घेतला.

"ट्रकमालकाला फोन केला मी येता येता," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी त्याची नवी गाडी येतेय. ये म्हणाला."

"बरं," ती म्हणाली, आणि कापड पुढे सरकवलं.

"बरं काय बरं?" आतून आत्या बाहेर आली. ही त्याच्या वडिलांची बहीण. वय सत्तरीला टेकलेलं, पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. चाळीस वर्षं तिने एका रोपवाटिकेत काम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी एक पत्र्याची पेटी आणि सब्जाच्या अकरा कुंड्या घेऊन भाच्याकडे राहायला आली, आणि आल्या दिवशी पेटी कुठे ठेवायची हे न विचारता कुंड्या कुठे ठेवायच्या ते सांगायला लागली. तिने एक वाकडी काकडी उचलली, मधोमध मोडली आणि आत पाहिलं.

"एका बाजूला बिया धरल्यात, दुसऱ्या बाजूला नाहीत. जिथे बी नाही तिथे वाढ नाही. म्हणून वाकते. तुझ्या वेलाला रोग नाही झालेला बाबा. तुझ्याकडे कुणी येत नाही."

"कोण येत नाही?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती बादली उलटी टाकून काकडीच्या ओळीत जाऊन बसली. डोक्याला फडकं, हातात काही नाही. ऊन वर आलं, फुलं उमलली, पुन्हा मिटायला लागली. ड्रायव्हर चहा घेऊन गेला.

"किती आल्या?"

"एक," आत्या म्हणाली. "तीही रस्ता चुकलेली असावी. माझ्या नाकावर बसून गेली."

मग तिने त्याला दाखवलं. हे नुसतं फूल, हे काकडीवालं फूल. याच्यातली पिवळी भुकटी त्याच्यात गेली पाहिजे, एकदा नाही, आठ-दहा वेळा, आणि तीही आज सकाळीच. उद्या हे फूल मिटलेलं असेल. हे काम माश्यांचं. मागच्या वर्षीपर्यंत समोरच्या रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी झुडपं होती, बारा महिने काही ना काही फुललेलं असायचं. रस्ता रुंद झाला, झुडपं गेली. माश्यांना या बाजूला यायचं कारणच उरलं नाही.

"मग आपणच करू ना ते काम," ड्रायव्हर म्हणाला. "भुकटी एवढी भुकटी."

चार दिवस तिघांनी ते केलं. टेलरबाईने तिच्याकडचे मशीन साफ करायचे ब्रश आणले. पहाटे उठायचं, नुसतं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, भुकटी ब्रशवर घ्यायची, काकडीवाल्या फुलात हलकेच फिरवायची. खालची फुलं उकिडवं बसून, वरची टाचा उंचावून. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बसला तो उठेना. टेलरबाईने काखेत हात घालून उठवला. तिसऱ्या दिवशी गणवेशांची मुदत जवळ आली म्हणून ती अर्ध्यात उठून गेली. चौथ्या दिवशी तिघांना मिळून पाच ओळी झाल्या. ओळी होत्या साठ.

"माशीला कंबर नसते हे किती बरं आहे," ड्रायव्हर ओट्यावर आडवा पडून म्हणाला.

"असते," आत्या म्हणाली. "तुझ्यापेक्षा बारीक."

त्या दिवशी तो बाजारात गेला आणि येताना हातगाडीभर रोपं घेऊन आला. मोठाल्या गोंड्यांचे झेंडू, भरगच्च पाकळ्यांचे, केशरी आणि पिवळे. आत्याला खूश करावं म्हणून त्याने स्वतःच फावडं मारून ती रस्त्याच्या कडेने, फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक रंग असा लावून टाकली. दोन तास लागले. घाम पुसत त्याने आत्याला बोलावलं.

आत्याने एक गोंडा हातात धरला, बोटांनी पाकळ्या बाजूला करत गेली, करत गेली. आत फक्त पाकळ्याच होत्या.

"छान आहे," ती म्हणाली. "सगळं घर सजवलंय आणि दाराला कुलूप लावलंय. माशी आत जाणार कुठून?"

"फूल ते फूल ना आत्या?"

"तू ट्रक चालवायचास ना? दुसऱ्या राज्यात जाऊन दुकान बंद दिसलं की काय करायचास? दुसऱ्यांदा जायचास तिथे?"

रस्त्याने सायकलवरून चाललेला एक जण ओरडला, "काय ड्रायव्हर, काकड्या सोडून आता हार विकणार वाटतं?" ड्रायव्हरने फावडं उचललं आणि आत निघून गेला.

आत्या मात्र हट्टाला पेटली होती. पुढचे तीन दिवस ती घरात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाय धुळीने भरलेले, तोंडावर विजय, अशी आली.

"राहतात कुठे ते कळलं," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीखालचा तो गळका नळ आहे ना, तिथे पाणी प्यायला येतात. पाणी पिऊन उठली की माशी सरळ घरी जाते. मी एक बघितली, तिच्यामागे शंभर पावलं गेले. हरवली. तिथेच थांबले, दुसरी आली. असं करत करत त्या ओढ्यावरच्या दगडी मोरीपाशी पोचले. मोरीच्या भिंतीत पोळं आहे. चांगलं भरलेलं."

"मोरी म्हणजे शेजारच्या मीटरवाल्याच्या शेतापलीकडे."

"हो. म्हणजे त्या येणार उगवतीकडून. आपण सगळं काही लावायचं ते त्यांच्या वाटेवर."

तिने यादी तोंडपाठ सांगितली. लगेच फुलणारं हवं आणि नंतर फुलणारं हवं, मध्ये खंड पडता कामा नये. लगेचसाठी तिच्या सब्जाच्या अकरा कुंड्या. परसातली फुलावर आलेली कोथिंबीर, मातीच्या ढेकळासकट उचलून. लोकांनी जून झाला म्हणून बांधावर फेकलेला मुळा. पानं छाटून पुन्हा पुरला की आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी फुलं काढतो. दुसऱ्या पेरणीला फुलं येतील तेव्हासाठी मोहरी, आजच पेरायची. तिच्यामागून सूर्यफूल आणि बडीशेप. आणि सगळं झुबक्याने. एक इथे, एक तिथे असं शिंपडलं की माशीला वरून दिसत नाही.

"लावू की," ड्रायव्हर म्हणाला. "गोठ्यामागे कोपरा आहे मोकळा. तिथे काही येतच नाही."

"काही येत नाही तिथे हे तरी कसं येईल? सावली आहे तिथे. माशीला ऊन लागतं. मला उगवतीचा बांध दे आणि दुसऱ्या पेरणीतल्या मधल्या दोन ओळी."

"मधल्या दोन ओळी! वेल उभे आहेत तिथे आत्या. चार पानांवर आलेत."

"मला दिसतात."

"फुलं ठेवायला काकड्या उपटू?"

"काकड्या यायला."

आवाज चढले. ड्रायव्हर म्हणाला, लोक आधीच हसतायत. आत्या म्हणाली, लोक दोन्हीकडून हसणारच आहेत, निदान आपल्याला काहीतरी मिळू दे. ड्रायव्हर म्हणाला, तुला काय जातंय बोलायला. हे बोलल्यावर आत्या गप्प झाली, आणि तिच्या गप्प होण्याची घरात कुणालाच सवय नव्हती.

मशीनवरून टेलरबाई उठली. एक अर्धवट शिवलेली शाळेची चड्डी घेऊन ती नवऱ्यासमोर आली.

"अहो, याला खिसा कुठे लावू?"

"म्हणजे?"

"कडेला कापड उरलंय बघा. खाली, गुडघ्यापाशी. तिथे लावते. कापड वाचेल."

"तिथे हात कसा पोचेल?"

"नाही ना पोचणार," ती म्हणाली. "मग बिनखिशाचीच झाली म्हणायची, आणि वर कापड फुकट गेलं." आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

ड्रायव्हर चपला घालून बाहेर पडला. मग मधल्या दोन ओळींकडे गेला. रोपं उपटताना तो प्रत्येकाच्या मुळाची माती झटकत होता, जणू कुठे पुन्हा लावायची आहेत. आत्या मागोमाग आली, बसली, आणि मोकळ्या झालेल्या मातीत बोटांनी रेघ ओढून मोहरी टाकत गेली.

"मघाशी जरा जास्त बोललो," तो म्हणाला.

"मी ऐकलंच नाही," आत्या म्हणाली. "ते खुरपं दे इकडे."

आठवडाभर तिघं राबली. मुळे आणायला हातगाडी घेऊन ड्रायव्हर दारोदार गेला. लोकांनी कुजकेही दिले. बांधाकडेला जुना पत्रा उभा करून आत्याने वाऱ्याला आडोसा केला, कारण वाऱ्यात फूल हललं की माशी बसत नाही. एका पसरट परातीत पाणी ठेवलं. पहिल्या दिवशी त्यात दोन माश्या बुडून मेल्या. आत्या अर्धा तास हळहळली, मग तिने परातीत गोटे रचले, त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील असे. दुसऱ्या दिवशी एक माशी गोट्यावर बसून पाणी पिताना दिसली. आत्याने दोघांना हाक मारून बोलावलं, आणि तिघं श्वास रोखून परातीभोवती उभी राहिली.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. माश्यांची वाट मीटरवाल्याच्या घेवड्यावरून यायची, आणि मीटरवाला रोज नसलं तरी चार दिवसांआड सकाळी आठला पाठीवर पंप घेऊन औषध फवारायचा. फुलांवर, माश्यांच्या ऐन कामाच्या वेळी. एका सकाळी बांधावर आत्याला सात माश्या उताण्या पडलेल्या दिसल्या, पाय हलवत.

"तू जाऊन बोल," ती म्हणाली.

"मी? त्याच्याशी?"

तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हरने ट्रक मागे घेताना मीटरवाल्याच्या फाटकाचा खांब पाडला होता, आणि उलट म्हणाला होता की खांबच रस्त्यात आलाय. तेव्हापासून बोलणं बंद. मीटरवाल्याने आयुष्यभर घरोघरी विजेचे मीटर वाचले होते. आकडा चुकलेला त्याला सहन व्हायचा नाही, माणूस चुकलेला एक वेळ चालायचा. खांब त्याने तसाच तारेने बांधून ठेवला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून.

ड्रायव्हर गेला. मीटरवाला ओट्यावर चष्मा पुसत बसला होता. त्याने बसा म्हटलं नाही. एक काच पुसून झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली घेतली. ड्रायव्हर अंगणात उन्हात उभा.

"बोला," शेवटी तो म्हणाला.

ड्रायव्हरने सांगितलं. फवारणी बंद करा म्हणत नाही. फक्त फुलावर माश्या असताना नको. संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर करा.

"संध्याकाळी मी बातम्या ऐकतो."

"बातम्या संपल्यावर."

मीटरवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आधी एक सांगा. खांब कुठे होता?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. समोर तारेने बांधलेला खांब उभा होता, लंगड्यासारखा. "तुमच्या हद्दीत," तो म्हणाला.

"किती आत?"

"सतरा इंच असेल."

"साडेसतरा."

"साडेसतरा," ड्रायव्हर म्हणाला. "माझी चूक होती. मागे बघितलं नाही मी."

मीटरवाल्याने चष्मा पुन्हा काढला. तीन वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते एवढ्या पटकन मिळालं, आता पुढे काय, असा त्याचा चेहरा झाला होता. मग तो आत ओरडला, "अगं, दोन चहा टाक," आणि बाजूची खुर्ची सरकवली.

फवारणी संध्याकाळच्या बातम्यांनंतर होऊ लागली, आणि खांब दोघांनी मिळून बांधला. ड्रायव्हरला वजन उचलता येत नव्हतं, म्हणून तो सिमेंट कालवायचा आणि मीटरवाला विटा रचून प्रत्येक विटेवर ओळंबा धरायचा. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं, पण खांब असा सरळ उभा राहिला की आजूबाजूची घरं वाकडी वाटायला लागली.

मुळा फुलला. कोथिंबिरीवर पांढरा फेस आला. आणि महिना उलटला तेव्हा मधल्या दोन ओळींत मोहरी पिवळीधमक झाली, नेमकी दुसऱ्या पेरणीचे वेल पहिलं फूल काढत होते तेव्हा. त्या सकाळी ड्रायव्हर दार उघडून बाहेर आला आणि थांबला. आवाज येत होता. कुठून येतोय ते कळेना. दूरवर इंजिन चालू ठेवून कुणी उतरावं तसा. तो पुढे गेला. मोहरीची अख्खी पट्टी हलत होती, वारा नसताना. माश्या मोहरीवर, सब्जावर, तिथून उडून शेजारच्या काकडीच्या फुलात, अंगभर पिवळ्या होऊन बाहेर, की पुढच्या फुलात. त्याला भीती वाटेना. तो मध्ये जाऊन उभा राहिला. एक माशी त्याच्या बाहीवर बसली, पाय पुसले आणि कामाला गेली.

"आत्या!" तो ओरडला. "अगं ए आत्या!"

"आवाज कमी कर," आत्या पलीकडच्या ओळीतून म्हणाली. ती आधीच तिथे होती. तिचे डोळे ओले होते, पण ते तिने मोहरीच्या भुकटीवर ढकललं.

कुंपणापलीकडून मीटरवाल्याचं डोकं वर आलं. हातात घड्याळ. "दहा मिनिटांत एका फुलावर नऊ खेपा," त्याने कळवलं. "मी तीन फुलं तपासली. आणि माझा घेवडाही भरून लागलाय बरं का. ते मोहरीचं बी उरलं असेल तर इकडे बघा."

"उगवतीला लावा, झुबक्याने," आत्या म्हणाली. "आणि विटांसारखं ओळंब्यात नको."

काकड्या यायला लागल्या तेव्हा तीन दिवसांआड तोडा करावा लागे. सगळ्याच सरळ नव्हत्या, पण टोपलीत हात घातला की सरळच हाती यायची. कारखान्याच्या माणसाने पन्हळ लावली, एक बसली, दुसरी बसली, विसावी बसली. मग त्याने पन्हळ बाजूला ठेवली आणि नुसतं बघून क्रेट भरायला लागला. "खत कोणतं घातलं?" त्याने विचारलं.

"पाहुणे बोलावले," ड्रायव्हर म्हणाला, आणि रिकाम्या टोपल्या काखेत मारून निघाला.

ट्रकमालकाचा फोन आला तेव्हा तिघं तोड्यात होती. ड्रायव्हरचे दोन्ही हात काकड्यांनी भरलेले. टेलरबाईने त्याच्या खिशातून फोन काढला, नाव पाहिलं आणि त्याच्या कानाला लावून धरला.

"गाडी आली," पलीकडून आवाज आला, तिलाही ऐकू जाईल एवढा मोठा. "सोमवारी निघायचं. येतोस ना?"

ड्रायव्हरने हातातल्या काकड्या क्रेटमध्ये एकेक करून ठेवल्या. "नाही जमणार शेठ," तो म्हणाला. "सकाळी मला इथे काम असतं."

"कसलं काम?"

"ते सांगायला लागलो तर तुमची गाडी तिथेच उभी राहील," तो हसून म्हणाला. "दुसरा माणूस बघा. मनापासून सांगतो."

टेलरबाईने फोन बंद केला, पण खिशात ठेवला नाही. हातातच धरून उभी राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही गाडीवर असायचात तेव्हा फोन वाजला की मी आधी दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवायचे," ती म्हणाली. "हात सुईखाली जाऊ नयेत म्हणून. मग घ्यायचे फोन. अठरा वर्षं."

"कधी बोलली नाहीस ते. मागे जातो म्हणालो तेव्हाही बरं म्हणालीस."

"तुम्ही विचारलंत कुठे? सांगितलंत."

त्याने पुढे होऊन तिच्या हातातला फोन घेतला. तिचे हात मातीने माखलेले होते, काकडीच्या बारीक काट्यांनी ओरखडलेले. त्याने दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तसाच उभा राहिला, भर उन्हात, माश्या दोघांच्या मधून ये-जा करत होत्या.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आत्याबाई बघतायत."

"मी कशाला बघू," ओळीच्या टोकाकडून आत्या म्हणाली. "मला दिसत नाही नीट. फक्त मोहरीत उभे राहू नका तेवढं. वाटेत आहात दोघं."